एक जिवंत उदाहरण

बहुपत्नीत्व ही समाजाच्या मुळाला लागलेली कीड आहे आणि ती मारल्याशिवाय देशाला एकविसाव्या शतकात पाऊल ठेवता येणार नाही, याबद्दल मुलुंड पूर्वेच्या 'स्नेहवर्धिनी' सोसायटीत दुमत नव्हतं. दुमत होतं ते परिसंवादानंतर बटाटेवडा द्यायचा की साबुदाणावडा याबद्दल, कारण नेमकी त्या रविवारी एकादशी येत होती. कमिटीची मीटिंग वड्यावर दीड तास चालली. कीड पाच मिनिटांत उरकली.

पोटगीच्या त्या गाजलेल्या निकालावरून पेपरांत रान उठलं होतं. दादरला परिसंवाद झाला, पार्ल्याला झाला, ठाण्याला तर दोन झाले. मग मुलुंडनेच काय घोडं मारलं होतं? हा प्रश्न सोसायटीचे सेक्रेटरी नंदकुमार सावंत यांनी मांडला. सावंत सरकारी विमा कंपनीत अधिकारी होते. साध्या बोलण्यातही 'पहिला मुद्दा', 'दुसरा मुद्दा' असं बोटांवर मोजायचे, आणि तिसऱ्या मुद्द्याला समोरचा माणूस सही करायचा.

"विषय ठरला," सावंत म्हणाले. "'मुस्लिम समाजातील बहुपत्नीत्व : एक राष्ट्रीय समस्या.' अध्यक्षस्थानी आपले चेअरमन, गुणाजीराव परब."

गुणाजीने चहाचा कप खाली ठेवला.

"मी कशाला?" तो म्हणाला. "एखादा जज्ज वगैरे बोलवा की. शिकलेला."

"जज्ज मांडव देतो का? खुर्च्या देतो? माईक देतो?" सावंतांनी तीन बोटं मुडपली. "ज्याचा मांडव त्याचं अध्यक्षपद, ही आपल्या सोसायटीची पद्धत आहे."

पद्धत खरीच होती. गुणाजी गिरणीतून संपाच्या आधीच शहाण्यासारखा बाहेर पडला होता आणि मांडव-डेकोरेशनच्या धंद्यात त्याने झकास जम बसवला होता. मुलुंड ते भांडुप एकही सत्यनारायण त्याच्या खुर्च्यांशिवाय होत नसे. त्यामुळे गणपतीपासून रक्तदानापर्यंत सगळ्याचा अध्यक्ष तोच. दोन वाक्यं बोलायचा, हार घ्यायचा, खुर्च्या परत न्यायचा. एवढ्या वर्षांत कुठल्याच विषयाने त्याला त्रास दिला नव्हता. हा देणार होता. कारण गुणाजीला दोन बायका होत्या.

पहिली जानकी. ती तिकडे खारशिंग्याला, खाडीकाठच्या घरात. दुसरी प्रेमा. ती इथे, बी विंगमध्ये, दुसऱ्या मजल्यावर, दारावर 'परब' अशी पितळी पाटी लावून. प्रेमा गिरणीत रिळांच्या खात्यात होती तेव्हाची ती गोष्ट. पुढे एका देवळात दोन हार झाले, पेढे झाले आणि माणिक झाली. जानकीला मूल नव्हतं म्हणून दुसरी केली, असं सांगायची सोय गुणाजीला होती, पण जानकीला दोन मुलगे होते. तेव्हा त्याने काहीच सांगितलं नाही. शिमग्याला आणि गणपतीला 'आईला बघून येतो' म्हणून तो गावी जायचा. आई त्र्याहत्तर साली वारली होती. तिची प्रकृती बघायला जाणं मात्र त्याने कधी चुकवलं नाही.

दोघी बायकांना एकमेकींची माहिती होती. माहिती नव्हती ती सोसायटीला. निदान गुणाजीचा तसा हिशेब होता.

आणि हा हिशेब आत्ताच फिसकटून चालणार नव्हता. माणिकचं लग्न ठरलं होतं, ते सावंतांच्या मुलाशी, श्यामसुंदरशी. मुलगा इंजिनियर, निर्व्यसनी, शिवाय ए विंगमधला. जिना उतरून जिना चढला की माहेर. साखरपुडा होऊन महिना झाला होता. पोरगी हवेत होती. गुणाजीने आयुष्यात कुणाचं काही भलं केलं असेल-नसेल, या पोरीचं मात्र त्याला करायचं होतं. सावंतांसारख्या तत्त्वाच्या माणसाला व्याह्याच्या दोन चुली कळल्या, की वाट लागलीच.

अध्यक्षपद नाकारलं तर 'का' म्हणून विचारतील, आणि घेतलं तर घेतलं. गुणाजीने घेतलं.

पुढची अडचण सावंतांची होती. परिसंवादाला एक मुसलमान हवा होता. "नाहीतर एकतर्फी वाटेल," सावंत म्हणाले. कमिटीने डोकं खाजवलं. सतरा जणांच्या कमिटीला मिळून तीन मुसलमान ठाऊक होते: गाद्या पिंजणारा, बांगड्यावाला आणि घड्याळं दुरुस्त करणारा. तिघांचीही नावं कुणाला माहीत नव्हती. मग सावंत कुणाच्या तरी ओळखीने देवनारला जाऊन एका बकऱ्यांच्या व्यापाऱ्याला भेटून आले. त्याला किती बायका, असं त्यांनी सभ्य शब्दांत विचारलं.

"एकच की साहेब," व्यापारी म्हणाला. "दुसरी करायची तर दुसरी खोली लागते. तुमच्या सोसायटीत द्या एखादी खोली, मग बघू."

हा मुद्दा विषयाला धरून नसल्यामुळे सावंतांनी तो नोंदवला नाही.

शेवटी विमा कंपनीतल्याच एका सहकाऱ्याने कुर्ल्याचे कुणी मुकादम मास्तर मिळवून दिले. शाळेत गणित शिकवतात, पुरोगामी वगैरे आहेत, येतील. निमंत्रणपत्रिकेवर 'श्री. आय. एच. मुकादम' असं छापलं गेलं. मास्तरांना मराठी कितपत येईल म्हणून तळमजल्यावरच्या मधुकर गोखल्यांना दुभाषी नेमलं. ते वर्षाला पन्नास हिंदी सिनेमे बघत.

रविवारी संध्याकाळी मांडव भरला. बायका डाव्या हाताला, पुरुष उजव्या हाताला. प्रेमा पहिल्या रांगेत, महिला मंडळाची खजिनदार म्हणून, अबोलीचा गजरा माळून. शेजारी तिची होणारी विहीण, उत्तरा सावंत. गुणाजी मधल्या उंच खुर्चीत बसला आणि समोर बघायचं नाही असं त्याने ठरवलं.

मुकादम मास्तर रिक्षातून उतरले. उंच, किडकिडीत, दाढी नाही, टोपी नाही, हातात छत्री. लोक जरा हिरमुसले. मास्तर स्टेजवर चढले, सावंतांना नमस्कार केला, गोखले 'आईये, तशरीफ' असं काहीतरी जुळवत असतानाच त्यांची नजर मधल्या खुर्चीवर गेली.

"अरे गुणाजी! तू हय खय?"

गुणाजीने ओळखलं. हा इस्माईल. खारशिंग्याचा, खाडीपलीकडच्या मोहल्ल्यातला इस्माईल! एका होडीतून शाळेत जायचे दोघे. आय. एच. मुकादम म्हणजे इश्शू, हे छापखान्यात कुणाच्या डोक्यात येणार?

"वैनी बरी आसा हां," इस्माईल वाकून म्हणाला. "परवाच भेटलंय तिका."

माईक चालू होता. पहिल्या रांगेत प्रेमाने मान खाली घातली. सावंत खूश झाले. "बघा," ते लोकांना म्हणाले, "आपले अध्यक्ष आणि पाहुणे जुने परिचित निघाले. हीच आपली संस्कृती." गोखल्यांना खाली जाऊन बसायला सांगण्यात आलं. पाहुणे मालवणी बोलत होते आणि तेवढं गोखल्यांना येत नव्हतं.

सावंत पाऊण तास बोलले. आपल्याला एक आणि त्यांना चार, हा त्यांच्या भाषणाचा गाभा होता. तो त्यांनी इतक्या वेळा आणि इतक्या कळवळ्याने सांगितला, की मागच्या रांगेतल्या काही पुरुषांना आपल्यावर काहीतरी घोर अन्याय झालाय असं खरोखरच वाटायला लागलं. प्रत्येक टाळीला अध्यक्षही टाळी वाजवत होते, अर्धा क्षण उशिरा.

मग मास्तर उठले.

"दुसरी बायको करणं वाईटच," ते म्हणाले. "त्या बाईचं वाईट, पहिलीचं त्याहून वाईट. आमच्याकडचा कायदा बदलावा असं मीही म्हणतो आणि त्यापायी आमच्या लोकांच्या शिव्या खातो. वाद नाही. पण चार-चार म्हणताय, त्या कुठे दिसल्या का तुम्हाला? मी गणिताचा माणूस. आमचं खारशिंगं घ्या. गावात आमचा मोहल्ला मोठा आहे, गाव जुनं आहे. अख्ख्या गावात दोन बायकांचा दादला एकच."

"म्हणजे आहे ना!" मागून कुणीतरी ओरडलं.

"आहे."

"नाव सांगा!"

"नाव, नाव!" मांडव एकदम जागा झाला. सावंत तर खुर्चीच्या कडेवर आले. इतके दिवस वणवण करून जे मिळालं नव्हतं, ते आता दोन अक्षरांवर येऊन ठेपलं होतं.

मास्तरांनी छत्री या हातातून त्या हातात घेतली. मग ते शांतपणे मधल्या खुर्चीकडे वळले.

"अध्यक्षांनी परवानगी दिली तर सांगतो."

गुणाजीने समोर बघायचं नाही ठरवलं होतं, पण बघितलं. प्रेमा त्याच्याकडे बघत होती. उत्तरा सावंत त्याच्याकडे बघत होती. माणिक मागे श्यामसुंदरच्या शेजारी उभी राहून कसल्याशा गोष्टीवर हसत होती. गुणाजीने माईक जवळ ओढला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला अध्यक्ष म्हणून काहीतरी करायचं होतं.

"नाव घ्यायचं नाय," तो म्हणाला. आवाज फाटला, म्हणून पुन्हा म्हणाला, "कुणाच्या घरातलं चव्हाट्यावर आणायचं नाय. त्या माणसालापण बायकापोरं असतील."

"दोन-दोन असतील!" मागून आवाज आला. हशा.

"असू देत!" गुणाजी ओरडला. "त्याचं त्याला ठाऊक. ही सभा आहे, चावडी नाय. पुढे चला."

अर्ध्या मांडवाने टाळ्या वाजवल्या. काय हा समतोल, काय हे औदार्य, असं एक निवृत्त हेडमास्तर शेजाऱ्याला म्हणाले. उरलेल्या अर्ध्याने वाजवल्या नाहीत. सावंतांनीही नाही. त्यांनी कागद घडी करून खिशात घातला.

ठराव मांडला गेला: बहुपत्नीत्वाची प्रथा तात्काळ बंद करावी. सगळे हात वर गेले. अध्यक्षांनी आपला वर करावा की नाही याचा विचार करेपर्यंत मोजणी संपली. पहिल्या रांगेत मात्र प्रेमाचा हात सगळ्यात आधी वर गेला होता आणि सगळ्यात शेवटी खाली आला.

घरी गेल्यावर गुणाजीने चपला काढता काढता विचारलं, "तू हात वर केलास?"

"केला."

"सगळ्या बायांनी केला म्हणून?"

"ठराव वाचून दाखवला," प्रेमा गजरा काढत म्हणाली. "मला पटला."

दुसऱ्या दिवसापासून सावंतांकडून येणं-जाणं बंद झालं. सकाळी दुधाच्या सेंटरवर सावंत भेटले, पण हसले नाहीत. याद्या करायला बसायचं होतं, ते 'बघू पुढच्या आठवड्यात' झालं. माणिक दोन दिवस धुसफुसली, तिसऱ्या दिवशी जेवली नाही. "बाबा, तू काय केलंस रे त्यांना?" तिने विचारलं, लाडाने ती बापाला 'रे' म्हणायची, आज लाड नव्हता. गुणाजीने काय ते ओळखलं. इस्माईल वड्याची बशी घेऊन सावंतांशी बोलत उभा होता, तेव्हाच सगळं बाहेर पडलं असणार. त्याला इस्माईलचा रागही धड येईना. नाव त्याने घेतलं नव्हतं. मागून कानात सांगितलं असेल तर तो गणिताचा माणूस, उत्तर तर सांगणारच.

चौथ्या दिवशी गुणाजी धुतलेला शर्ट घालून ए विंगचा जिना चढला. प्रेमाला म्हणाला, "सांगून टाकतो. पोरीचं तुटायचं तर माझ्या तोंडाने तुटू दे."

सावंतांनी दार उघडलं. बसायला सांगितलं, पंखा लावला नाही.

"सावंतसाहेब," गुणाजीने सुरुवात केली, "तुमचा राग बरोबर आहे. माझी चूक झाली."

"चूक? मी याला अपराध म्हणेन."

"अपराध म्हणा. वय तसं होतं, गिरणीचे दिवस. जानकी गावी, मी इथे. प्रेमा भली बाई होती. देवळात हार घातले. तेव्हापासून दोन्ही घरं मी—"

"एक मिनिट," सावंतांनी हात वर केला. "तुम्ही कशाबद्दल बोलताय?"

"दोन बायकांबद्दल."

"ते होय!" सावंत खुर्चीत मागे टेकले. "ते आम्हाला साखरपुड्याच्या आधीपासून माहीत आहे. अहो, मुलगी करताना गावी चौकशी केल्याशिवाय कोण सोयरीक करतं? माझे मेहुणे खारशिंग्याला जाऊन आले. तुमच्या जानकीबाईंनी त्यांना सोलकढी दिली."

"मग... राग कसला?"

"पहिला मुद्दा," सावंत उठून उभे राहिले. "एक जिवंत उदाहरण हाताशी आलं होतं. नावगावासकट! दुसरा मुद्दा, तो मास्तर नाव सांगायला तयार होता. आणि तुम्ही, अध्यक्ष म्हणून, त्याला थांबवलंत! मुसलमानांचं लांगूलचालन सरकार करतं ते एक वेळ समजतं, गुणाजीराव. त्यांना मतं हवी असतात. तुम्हाला काय हवं होतं? माझ्या मुलाचा सासरा असा निघावा? मी दोन रात्री झोपलो नाही."

"साहेब," गुणाजी म्हणाला, "ते उदाहरण मीच हो."

सावंत पुन्हा खुर्चीत बसले.

"तुम्ही?"

"आमच्या गावात दोन बायकांचा मीच एक. आणखी कोण असणार?"

सावंतांनी बोटं पसरली, मिटली. पहिला मुद्दा सापडेना. मग सापडला. "तुमची गोष्ट वेगळी," ते म्हणाले. "तुमची ती अडचण होती. त्यांची ती वृत्ती आहे."

"अडचण पंचवीस वर्षं टिकली," आतून उत्तराबाईंचा आवाज आला. "चांगल्या मापाची होती."

"उत्तरा, तू पंखा लाव," सावंत म्हणाले. चेहऱ्यावर तजेला आला होता. "म्हणजे तुम्ही त्यांची बाजू घेतली नाहीत. स्वतःची घेतलीत. असं आधी सांगायचं ना! मी उगाच तुम्हाला भलतंच काही समजलो."

पंखा फिरला, चहा आला, याद्या करायला रविवार ठरला. गुणाजी उठणार, इतक्यात सावंत म्हणाले, "फक्त एक. कन्यादानाला जानकीबाई बसतील."

"जानकी? अहो, माणिक प्रेमाची."

"असेल. पण शास्त्राने धर्मपत्नी पहिलीच. उद्या भटजींनी अडवलं, नातेवाईक काही बोलले, तर? दोन आहेत तर मग सगळं नीट रीतीनं व्हायला नको का?"

हे प्रेमाला सांगायला गुणाजीला दोन दिवस लागले. ती पापड लाटत होती. लाटणं थांबलं नाही.

"आणि मी कुठे उभी राहू?"

"शेजारीच की."

"कोण म्हणून?"

गुणाजीने बराच विचार केला. "मांडव आपलाच आहे," तो म्हणाला.

प्रेमाने पापड उन्हात टाकला आणि दुसरा गोळा घेतला. रागावली असती तर गुणाजीला सोपं गेलं असतं. "पोरगी सुटू दे सुखाने," ती म्हणाली. "मी जेवणाकडे बघीन."

लग्न वैशाखात झालं. जानकी आदल्या दिवशी एसटीने आली, सोबत फणस आणि दोन मुलगे. माणिकला जवळ घेऊन तिने कानशिलांवर बोटं मोडली. सकाळी शालू नेसून ती तयार झाली आणि प्रेमाला भटारखान्यात शोधत आली.

"गे प्रेमा, चेडू तुझा. मी कित्याक बसू? तूच बस."

"शास्त्रात नाही बसत, ताई."

"शास्त्राक माझो पाय दुखता ता म्हायत आसा काय?" जानकी म्हणाली. पण भटजींनी हाक मारली आणि ती लंगडत गेली. गुणाजीच्या उजव्या हाताला बसून, त्याच्या हाताला हात लावून, तिने प्रेमाची मुलगी सावंतांच्या मुलाला दिली. प्रेमा खांबाजवळ उभी राहिली. तिच्या हातात श्रीखंडाचा डाव तसाच होता, आणि अक्षता टाकताना तो कुठे ठेवावा हे तिला कळत नव्हतं. तिने डाव्या हातात धरला आणि उजव्याने टाकल्या.

जेवणं झाल्यावर सावंतांचे विमा कंपनीतले मोठे साहेब भेटायला आले. सावंतांनी त्यांना मुलीच्या माणसांपुढे नेलं. गुणाजी मधे, एकीकडे जानकी, दुसरीकडे प्रेमा.

"हे व्याही. या मुलीच्या आई," सावंत म्हणाले, "आणि याही मुलीच्या आई."

सावंतांची पापणी लवली नाही. साहेबांनी दोघींना नमस्कार केला. सरकारी माणसाला एवढं चालतं.

तेवढ्यात इस्माईल मुकादम आहेर घेऊन आले. बरोबर त्यांच्या बाई होत्या, फिकट निळ्या साडीत, डोक्यावर पदर. सावंत लगबगीने पुढे झाले. परिसंवादाचा अभिमान त्यांना अजून होता.

"आणि साहेब, हे आमचे मुकादमसर. मुस्लिम आहेत, पण विचार एकदम स्वच्छ." मग बाईंकडे हात करून त्यांनी मोठ्या आदराने ओळख पुरी केली. "या त्यांच्या पहिल्या पत्नी."

मुकादमांना दुसरी नव्हती.